रांझ्याच्या पाटलाचं नाव घेता, तर पुरतं घ्या

कुठं एखाद्या लेकीवर अत्याचार झाल्याची बातमी आली, की आमच्या भोंगवलीत पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "रांझ्याच्या पाटलासारखा चौरंग करा. कोर्ट नको न् जेल नको." त्या रागाबद्दल माझी तक्रार नाही. राग खरा आहे. माझं भांडण अर्ध्या सांगितलेल्या गोष्टीशी आहे. रांझे आमच्याच भोर तालुक्यातलं गाव, म्हणजे ती गोष्ट नीट सांगायची जबाबदारीही आमचीच.

शिवाजी महाराज तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. रांझ्याचा मोकदम बाबाजी भिकाजी गुजर याच्या बदअंमलाची हकीकत त्यांच्यापर्यंत गेली. त्याला धरून आणलं, गुन्हा खरा ठरला, मग हातपाय तोडले आणि वतन काढून घेतलं. आपण इथंच थांबतो. पण त्या कागदात पुढंही मजकूर आहे. त्याच्या गोतातला सोनजी गुजर पुढं आला, याला मी सांभाळतो म्हणाला, आणि ते मान्य झालं.

हातपाय तोडणं ही त्या काळाची रीत. तेव्हा जगभर शिक्षा माणसाच्या अंगावरच उतरायची. फटके, सूळ, कडेलोट. रांझ्याचं नवल क्रूरपणात नाही. गावात पाटील म्हणजेच सरकार असताना शिक्षा पाटलापर्यंत पोहोचली, यात आहे. आणि ती चौकशीनंतर पोहोचली.

आता पुढचा काळ बघा. 1871 साली इंग्रजांनी येरवड्याचा तुरुंग बांधला, आणि त्याच साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. ज्या रामोशांनी पिढ्यान् पिढ्या गावं न् गड राखले, ते कागदावर जन्मानं चोर ठरले. निरेपलीकडच्या म्हाताऱ्या माणसांकडून मी ऐकलंय, की कर्ती माणसं संध्याकाळी चावडीवर हजेरी द्यायला जायची. गुन्हा काय? तर जन्म. तो कायदा 1952 साली गेला, पण वास गेला नाही. तुरुंगात जात बघून झाडू द्यायची की चूल, हे सांगणारे नियम घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला.

आणि आज? 2022च्या सरकारी आकड्यांप्रमाणं देशातल्या तुरुंगांत शंभरातले जवळजवळ 76 कैदी कच्चे आहेत. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही. आमच्या ओळखीचा एक मजूर विहिरीवरची मोटर चोरल्याच्या आरोपात चौदा महिने आत होता. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार कोण? सातबारा असलेला एकही माणूस त्याच्यासाठी उभा राहिना. शेवटी निर्दोष सुटला. तोवर बायको पोरं घेऊन माहेरी गेली होती. ज्याला सातबारा आहे, वकील आहे, तो मात्र आठवड्यात घरी येऊन सत्कार घेतो. मग सांगा, रांझ्याचा न्याय उलटा कुणी केला?

जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, पूर्वी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायची सोय आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले त्यातून वगळलेत. सोय चांगली आहे, पण ती त्या कैद्याला सांगणार कोण?

"लाड करू नका कैद्यांचे," असंही लोक म्हणतात. त्यांनी आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवावं. औंध संस्थानानं स्वातंत्र्याआधीच तिथं भिंती नसलेली वसाहत काढली. खुनाचे कैदी बायकापोरांसह राहिले, शेती केली. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच सुचला. सोनजीनं जे केलं, तेच हे. शिक्षा झाल्यावरही माणूस कुणाच्या तरी पदरात राहिला पाहिजे.

तेव्हा रांझ्याचं नाव खुशाल घ्या. पण मग पाटलालाही धरा, आधी चौकशी करा, निकाल वेळेत द्या. आणि शिक्षा भोगून माणूस गावात परत आला, की त्याला रोजगार द्या. एवढं झेपत नसेल, तर पारावर कुऱ्हाडीची भाषा करू नका.