फावल्या वेळाचे मोल
हैदराबादच्या जामबागेतील विवेकवर्धिनी ही संस्था १९०७ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी केशवराव कोरटकर व्यवसायाने वकील. वकिली सांभाळूनच त्यांनी हे कार्य उभारले. आज त्याच जामबागेतून हायटेक सिटीत नोकरीस जाणाऱ्याचे जाण्यायेण्यात रोज २ तास गेले, तर ३०० दिवसांत ६०० तास, म्हणजे २५ अहोरात्र खर्ची पडतात. मडगावाहून पणजीस ये-जा करणाऱ्यानेही हा हिशेब मांडून पाहावा. मेट्रोने काही वेळ वाचविला, तरी तोही कचेरीनेच गिळावा काय? वाचन, गायन, समाजकार्य ही चैन नव्हे. ज्या समाजाला फावला वेळच उरत नाही, त्यात नोकर पुष्कळ निपजतील. संस्थापक निपजणार नाहीत.