उन्हाळ्यात पाहावी अशी झाशी

उन्हाळ्याची सुटी लागली की घरोघरी थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा सुरू होते. वाचकहो, आज आपणास अगदी उलट जातीचे गाव सुचवावयाचे आहे. वैशाखात झाशीचा पारा कधीकधी ४५ अंशांच्याही वर जातो. तरीही तेथे उन्हाळ्यात जावे. कारण झाशीचे जे दिवस साऱ्या देशास स्मरणीय झाले, ते उन्हाळ्याचेच होते.

उन्हे चढण्यापूर्वी किल्ला गाठावा. ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी तो १६१३ साली एका खडकाळ टेकडीवर बांधला. अठराव्या शतकात बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल आला, तेव्हा सुभेदार नारो शंकर यांनी त्याचा विस्तार केला. तो भाग शंकरगड म्हणून ओळखला जातो. पुढे कारभार नेवाळकर घराण्याकडे आला. आतील शिवमंदिर व गणेशमंदिर पाहताना मराठी प्रवाशास परक्या प्रांतात आल्याचा विसर पडतो.

तटावर उभे राहून शहराकडे पाहावे. १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज याच्या सैन्याने येथे वेढा घातला. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोपे यांचा पराभव झाला आणि मदतीची आशा मावळली; ३ एप्रिलला इंग्रज सैन्य शहरात घुसले. राणी लक्ष्मीबाई दत्तक पुत्रास घेऊन रात्री निसटल्या. जेथून त्यांनी घोडा फेकला असे सांगतात, ती जागा प्रत्येक प्रवासी पाहतोच. उडीची कथा लोकपरंपरेची आहे. परंतु राणींच्या शौर्यास तिच्या आधाराची गरज नाही.

त्या जागेवरून मात्र लगेच परत फिरू नये. किल्ल्यातच गुलाम गौस खान, खुदाबक्ष व मोतीबाई यांच्या समाध्या आहेत. झाशीच्या स्त्रिया तोफांच्या मोर्च्यांवर काम करीत होत्या, दारूगोळा वाहत होत्या, अशी नोंद खुद्द शत्रूनेच करून ठेवली आहे. त्यांतील बहुतेकींची नावे आज कोणास ठाऊक नाहीत.

हंगेरी देशात एगर नावाचे, द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध असलेले जुने नगर आहे. तेथील किल्ल्यास १५५२ साली ऑटोमन सैन्याने वेढा घातला. इश्तवान दोबो या किल्लेदारापाशी अवघी सुमारे दोन हजार माणसे होती, त्यांत स्त्रियाही होत्या. महिन्याहून अधिक काळ ती झुंजली आणि अखेर वेढा उठला. तेथील तांबड्या मद्यास ‘बैलाचे रक्त’ म्हणतात, त्याची दंतकथाही याच वेढ्याशी जोडलेली आहे. परंतु एगरने किल्लेदाराबरोबर त्या अनाम स्त्रियांचीही आठवण राखली. तटावर लढणाऱ्या त्या स्त्रियांचे बेर्तालान सेकेय या चित्रकाराने १८६७ साली रंगविलेले चित्र हंगेरीत विख्यात आहे.

एगर वाचले, झाशी पडली. पडल्यावर सामान्य रहिवाशांवर काय गुदरले, ते आपल्याला मराठीतच वाचावयास मिळते. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. कत्तल, लूट, आग, पाण्यावाचून झालेले हाल हे सारे त्यांनी एका घाबरलेल्या, परंतु डोळस भिक्षुकाच्या नजरेने लिहिले आहे. निघण्यापूर्वी घरात तो मोठ्याने वाचावा.

दुपारची वेळ सावलीत काढावी, पाणी जवळ बाळगावे. उन्हे कलल्यावर राणीमहाल पाहावा. १८५४ साली संस्थान खालसा झाल्यावर राणी तेथे राहत. मग जुन्या शहराच्या गल्ल्यांतून मुलांना हिंडवावे आणि त्यांना विचारावे, की राणी किल्ल्यातून गेल्या त्या रात्री या घरांतील माणसे कोठे गेली असतील? त्यांना जाण्यास घोडे नव्हते.