व्यसनमुक्तीचे स्त्रियांसाठी वेगळे दार

पुणे : येथील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले. स्त्रियांसाठीचा त्याचा स्वतंत्र निवासी विभाग, ‘निशिगंध’, सुरू होण्यास मात्र २००९ साल उजाडले. मधली २३ वर्षे ही एका संस्थेची दिरंगाई नव्हे. स्त्रीलाही व्यसन जडू शकते हे मान्य करण्यास समाजाने घेतलेला तो वेळ आहे.

‘गर्द’च्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी डॉ. अनिल अवचट यांनी केलेल्या लेखनानंतर, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्याने येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उभे राहिले. अशा केंद्रांत स्त्री प्रथम आली ती रुग्णाची पत्नी किंवा आई म्हणून. ती स्वतः रुग्ण असू शकते, हे उशिरा लक्षात घेतले गेले.

या उपेक्षेमागे आकड्यांचा आधार सांगितला जातो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात २७.३ टक्के पुरुष मद्यपान करतात; स्त्रियांत हे प्रमाण १.६ टक्के आहे. परंतु देशाच्या लोकसंख्येत १.६ टक्के म्हणजे सुमारे ९० लाख स्त्रिया. मद्यपान करणाऱ्या दर १६ स्त्रियांपैकी एक व्यसनाधीन असल्याचे हाच अहवाल नोंदवतो. म्हणजे पाच लाखांहून अधिक स्त्रियांना उपचारांची गरज आहे, आणि त्यात अन्य अमली पदार्थांची गणना नाही. मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ व्यक्तींमागे जेमतेम एकीलाच कोणतेही उपचार मिळतात, हे अहवालातील वास्तव स्त्री-पुरुष मिळून आहे.

पुरुष दाखल झाला तर पत्नी घर सांभाळते. स्त्री दाखल झाल्यावर मुले कोणाकडे, हा पहिला प्रश्न असतो. बदनामीची भीती त्यानंतरची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही या कायद्याच्या व्याख्येत येतात. तथापि मुलासह राहण्याची सोयच नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.

‘नशामुक्त भारत अभियान’ २०२० मध्ये २७२ जिल्ह्यांत सुरू झाले. जनजागृतीमुळे स्त्री मदत मागण्यास पुढे आली, तरी तिला दाखल करून घेणारे दार जवळपास हवे. अभियानाच्या यशाची मोजदाद करताना हा निकषही लावावा लागेल.