बाळाला बसवू नका, बसू द्या



बाळाला सहावा महिना लागला की आपल्या घरांत एकच चौकशी सुरू होते, "बसायला लागलं का?" मंदिरात, लग्नाच्या पंगतीत, अकोल्याहून आत्याच्या फोनवर. "अजून नाही" म्हटलं की पुढचा प्रश्न सुनेला, "दूध पुरत नाही का गं?" मग लोड-तक्के लावून बाळाला बसवलं जातं. आता धारणीतही प्लास्टिकच्या खुर्च्या ऑनलाइन येतात. उष्टावणाच्या फोटोत बाळ ताठ दिसायला हवं ना!

माझा याला ठाम विरोध आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. आधाराशिवाय बसण्याचं वय निघालं साधारण 3.8 ते 9.2 महिने. म्हणजे शेजारचं पाचव्या महिन्यात बसलं आणि आपलं आठव्यात, तरी दोन्ही ठीकच. मग सुनेला कोणत्या गुन्ह्याची शिक्षा देतो आपण?

काही जणी म्हणतात, टेकून बसवलं की पाठ बळकट होते. अहो, तेव्हा काम उशी करते, पाठ नाही! थोडा वेळ मांडीवर टेकून बसवलं तर बिघडत नाही. तासन् तास खुर्चीत अडकवणं वाईट. बसण्याची तयारी जमिनीवर होते. बाळ पालथं पडून मान उचलतं, कुशीवर वळतं, मग पुढे हात टेकून कमान करून बसतं, आणि एक दिवस हात सोडतं. तोल गेला की हात टेकायचा, हे ते कलंडूनच शिकतं. म्हणून सतरंजी किंवा गोधडी जमिनीवर घाला, बाळ जागं असताना पालथं ठेवा, खुळखुळा जरा बाजूला धरा आणि जवळ बसून राहा. पलंगावर नको, तिथून पडतं. झोपवताना मात्र पाठीवरच.

प्रवचनात आपण निमित्त आणि उपादान ऐकतो. आई, आजी, सतरंजी हे निमित्त. बसण्याची शक्ती बाळाची स्वतःची. एका जीवाचा पुरुषार्थ दुसरा करू शकत नाही, असं मानणाऱ्या आपण सहा महिन्यांच्या जीवाचा पुरुषार्थ मात्र खुर्चीकडून करून घेतो. आणि चार महिन्यांत माळ्यावर जाणारी ती खुर्ची कोणत्या अपरिग्रहात बसते?

आपल्या दुकानांत येणाऱ्या कोरकू बायांची लेकरं मातीत लोळतात, म्हणून आपण नाक मुरडतो. त्या लेकरांना जमीन भरपूर मिळते, कमी पडतं ते अन्न. मेळघाटचं नाव कुपोषणासाठी देशभर गेलं, ते खुर्च्या नव्हत्या म्हणून नव्हे. उपाशी शरीराला तोल सावरायला ताकद कुठून येणार? खुर्चीचे पैसे दान करायचेच असतील, तर डाळ-शेंगदाण्याला द्या.

"होईल हळूहळू" म्हणून डोळे मिटणंही मला मान्य नाही. चार महिने होऊनही मान स्थिर नसेल, अंग फार सैल किंवा फार ताठ वाटत असेल, बाळ एकच हात वापरत असेल, शिकलेलं विसरत असेल, किंवा नऊ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे महिने मूळ तारखेपासून मोजतात. धारणीत उपजिल्हा रुग्णालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात, त्यात वाढीतला उशीरही पाहतात. अंगणवाडी गरिबांची, आपली नाही, हा तोरा सोडा. तपासणीत कसली लाज?

आणि पुढच्या वेळी कुणाच्या घरी सहा महिन्यांचं बाळ दिसलं, तर "बसतं का?" विचारू नका. त्याच्या आईला विचारा, "सूर्यास्ताआधी तुझं नीट जेवण होतं का गं?"