जसे बोलेल तसे

बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात शिक्षा झाली की आपल्याकडे तो विषय मिटतो. वर्तमानपत्रात ‘नराधमास जन्मठेप’ असा मथळा येतो आणि गाव सुटकेचा निःश्वास टाकते. वास्तविक अभ्यासाला आरंभ व्हावा तो येथून. तो केवळ कायद्याच्या आणि समाजकार्याच्या अभ्यासकांवर सोपवून चालणार नाही. त्यात भाषेच्या अभ्यासकांचाही वाटा आहे, असे आमचे मत आहे.

‘पोक्सो’ कायदा 14 नोव्हेंबर 2012 रोजी अमलात आला. ‘विधि’ या संस्थेने 2022 मध्ये देशभरातील खटल्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार एका शिक्षेमागे सुमारे तीन निर्दोष मुक्तता आहेत. त्याच वर्षी ‘एन्फोल्ड’ने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधील 7,064 निकाल तपासले. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा किशोरवयीन प्रेमसंबंधांचा निघाला. म्हणजे सुटलेला प्रत्येक खटला हा न्यायाचा पराभव नव्हे, आणि शिक्षा झालेले तेवढेच अपराधीही नव्हेत. नुसत्या टक्केवारीवरून यांतले काहीच उलगडत नाही. त्यासाठी निकाल आणि जबाब ओळीओळीने वाचावे लागतात.

आणि वाचू लागले की पहिला प्रश्न उभा राहतो तो शब्दांचा. कायद्याच्या कलम 26 नुसार बालकाचा जबाब ‘जसे बोलेल तसा’ नोंदवावयाचा आहे. समजा, खटाव किंवा जत तालुक्यातील सहा वर्षांची मुलगी ‘शूची जागा’ म्हणते. जबाबात त्याचे ‘गुप्तांग’ झाले, निकालपत्रात इंग्रजी प्रतिशब्द आला, तर उलटतपासणीत तिला न कळणारा शब्द तिच्याच तोंडी घातला जातो आणि ती गोंधळली की साक्षीत विसंगती दिसते. ‘विनयभंग’ हा आपला रुळलेला शब्द तर स्त्रीच्या शालीनतेभोवती बेतलेला आहे. अत्याचार झालेल्या मुलाने तो कसा वापरावा? कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. आपली भाषा मात्र करते.

घरात तर ‘अब्रू’ हाच शब्द आधी उच्चारला जातो. बहुसंख्य प्रकरणांत आरोपी परिचित असतो. कधी तो पालकाच्याच जागी असतो. 2018 मध्ये सांगली जिल्ह्यातील कुरळपच्या आश्रमशाळेतील अत्याचार उघडकीस आले, तेव्हा अटक झाली ती संस्थापकालाच. ज्याच्या हाती अन्न आणि निवारा, त्याच्याविरुद्ध बोलण्यासाठी मुलांजवळ शब्द तरी कोणी दिले होते?

म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी न्यायालयाच्या अनुमतीने शिक्षा झालेल्या खटल्यांचे जबाब व निकाल ताडून पाहावेत, आणि आपल्या भागातील मुले शरीर, भीती, स्पर्श यांविषयी कसे बोलतात याचा शब्दसंग्रह पोलीस, शिक्षक व वकिलांसाठी सिद्ध करावा. अट एकच, पण कठोर. लहान गावात नाव वगळले तरी शाळा, जात किंवा आडनाव यावरून मूल ओळखू येते. ते सारे तपशील गाळलेच पाहिजेत.

बोलीभाषेवर प्रबंध लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. ज्या बोलीत एक मूल न्यायाधीशासमोर उभे राहून आपले दुःख सांगते, तिच्याकडे मात्र आपण अद्याप वळलेलो नाही.