चोच छाटण्यापूर्वी खुराडे पाहा

परसबागेतील कुक्कुटपालनाविषयी लिहिताना आपण जात, खाद्य आणि लसीकरण यांचा ऊहापोह करतो. पक्ष्यांच्या वर्तनाचा विचार मात्र क्वचितच होतो. त्यामुळे कोंबडा अंगावर धावून आला किंवा एखाद्या तलंगेची पिसे उपटली गेली, की पशुपालकास दोनच उपाय सुचतात : कोंबडा विकणे किंवा चोच छाटणे. माझ्या मते पहिला उपाय सर्वांत शेवटी योजावा आणि दुसरा छोट्या कळपात कधीच योजू नये.

कोंबड्यांच्या कळपात प्रत्येक पक्ष्याची पायरी ठरलेली असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली मांडले. पुढे १९४०च्या दशकात लिओ पार्दी यांनी गांधीलमाश्यांतही अशीच उतरंड दाखवून दिली. या उतरंडीमुळे कलह आटोक्यात राहतो. पायरी एकदा ठरली की मान उंचावण्यावरच भागते. नवा पक्षी एकाएकी सोडला, जागा अपुरी पडली किंवा दाण्याचे भांडे एकच असले, की ही घडी विस्कटते.

म्हणून दाण्यापाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून दूर ठेवावीत. नवे पक्षी जोडीने आणून आठवडाभर जाळीआड ठेवावेत. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरे. केवळ अंडी हवी असल्यास त्याची गरज नाही. तथापि प्रौढ कोंबडा घारीची चाहूल देतो, दाणा सापडताच माद्यांना बोलावतो आणि त्यांच्यातील चोचमारीलाही काहीसा आळा घालतो. माणसांवर वारंवार झेपावणारा नर मात्र पैदाशीसाठी ठेवू नये. असील जातीची झुंजार वृत्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आली आहे. शांत स्वभावही तसाच निवडता येतो.

कीटकशास्त्राचा अभ्यासक या नात्याने मला आणखी एका कारणाकडे लक्ष वेधावेसे वाटते. तांबडे माइट दिवसा बसण्याच्या दांडीच्या फटींत दडतात व रात्री पक्ष्यांचे रक्त शोषतात. त्यांनी आणि उवांनी त्रासलेला पक्षी बेचैन होतो, स्वतःची पिसे ओरबाडतो. तेव्हा भांडणाचा दोष कोंबड्याला देण्यापूर्वी रात्री बॅटरीच्या उजेडात या फटी तपासाव्यात आणि धूळस्नानासाठी कोरडी माती व राख ठेवावी. उवा-माइट वेचण्याचे पक्ष्याचे मुख्य साधन चोच आहे. चोच छाटलेल्या पक्ष्यांवर या परजीवींची संख्या वाढते. मग ज्या बेचैनीवर उपाय शोधला, तीच बळावते.

सर्वांत खालच्या पायरीवरची कोंबडी अर्धपोटी राहते आणि अंडी कमी देते. हजारो पक्ष्यांच्या फार्ममध्ये तिची उणीव जाणवत नाही. आठ कोंबड्यांवर घरखर्चाला हातभार लावणाऱ्या गृहिणीसाठी ती उत्पन्नाचा आठवा हिस्सा असते. वनराजासारख्या सुधारित जातींची लिंगनिश्चिती न केलेली पिल्ले वाटली, तर त्यांत साधारण निम्मे नर निघतात. वयात येताच ते आपसांत झुंजतात व माद्यांना बेजार करतात. यास्तव जादा नर केव्हा वेगळे करून मांसासाठी विकावेत, हे पिल्ले देतानाच सांगितले पाहिजे. लसीकरणाच्या पत्रकासोबत वर्तन-व्यवस्थापनाचे एक पान जोडण्यास खर्च नगण्य येईल. त्या पानाची शिफारस मी आग्रहाने करतो.