छंदाचे मोल, छंदाची मर्यादा

छंद म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. एखाद्या शिक्षकाने वा कारकुनाने रविवारची सुटी आणि पगारातील शिल्लक खर्चून कॅमेरा गळ्यात अडकवावा, पाखरांच्या मागे रानोमाळ फिरावे, किंवा घाटातील एखाद्या वळणावर गाडीची वाट पाहत तासन् तास बसावे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना हास्यास्पदच वाटत आले. ‘छांदिष्ट’ या शब्दात कौतुकापेक्षा उपहासाची छटा अधिक आहे ती त्यामुळेच. परंतु आता या छांदिष्टाकडे गांभीर्याने पाहावयास हवे. त्याने गोळा केलेल्या नोंदींना समाजाच्या दृष्टीने मोल आले आहे, हे त्याचे एक कारण. त्याच्यासारख्यांची संख्या अफाट वाढल्याने, ज्याच्यावर तो प्रेम करतो त्यालाच त्याचा उपद्रव होऊ लागला आहे, हे दुसरे.

या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील तर दूधसागरला जावे. कॅसलरॉकहून कुळ्याकडे घाट उतरणारा लोहमार्ग तेथे धबधब्याच्या पुढ्यातील दगडी पुलावरून जातो. पोर्तुगीज अमलाखालील गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांना जोडणारा हा मार्ग १८८८ साली सुरू झाला. सुमारे ३०० मीटर उंचीवरून कोसळणारे पाणी, दोन्ही अंगांना दाट रान आणि मधून वळण घेत जाणारी गाडी, हे दृश्य असंख्य हौशी छायाचित्रकारांनी टिपले आहे. या घाटात दुसरा मार्ग टाकण्याचा प्रस्ताव आला, त्यावर गोव्यात मोठा वाद माजला, आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने त्यास दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. न पाहिलेल्या रानाविषयी दूरच्या माणसाला आस्था वाटावयाची तर ते रान आधी त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहावे लागते, आणि ते काम अहवालांपेक्षा चित्रे अधिक सहजपणे करतात. पण याच दूधसागरवर जुलै २०२३ मध्ये रुळांवरून चालत आलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्या, हेही विसरता येत नाही. छंदाचे मोल आणि छंदाचा अतिरेक तेथे शेजारी शेजारी नांदत आहेत.

मोल कशात आहे, हे खानदेशातील रानपिंगळ्याच्या कथेवरून कळते. १८८४ नंतर हे लहानसे घुबड निश्चितपणे कोणास आढळले नव्हते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात मात्र १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता. पुढे तपासणीत ती चिठ्ठी खोटी ठरली. जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळविलेला नमुनाच चोरून त्यास नवे नाव-गाव चिकटविलेले होते. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतला तेव्हा, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या रानात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तब्बल ११३ वर्षांनी जिवंत रानपिंगळा दिसला. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. पुराव्यासाठी त्याला मारावे लागले नाही. ही मोहीम अभ्यासकांची होती हे खरे. पण तिचा धडा हौशी माणसासही तितकाच लागू आहे. स्थळ आणि तारीख यांची प्रामाणिक नोंद असेल तर साधे चित्रही शास्त्राच्या कामी येते. ती खोटी असेल तर सुंदर नमुनाही अनेक दशके दिशाभूल करतो.

रेल्वेच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तिच्या लहानग्या डब्यांतून पंढरी गाठली. तो अरुंद मार्ग आता रुंद झाला आहे. वऱ्हाडातील ‘शकुंतला’ १९२१ साली मँचेस्टरला घडविलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत धावत होती. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झालेली १५०० व्होल्टची विद्युत व्यवस्था २०१६ मध्ये पूर्णपणे पालटली आणि तिच्यावर चालणारी इंजिने निकालात निघाली. या बदलांची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. परंतु सरकारी दप्तरात नकाशे, हिशेब आणि उद्घाटनांचे समारंभ राहतात. इंजिनात कोळसा ओढणारा फायरमन, कंदील हाती घेऊन उभा असलेला गार्ड, डब्याच्या दारात टाळ घेऊन बसलेला वारकरी यांची जागा त्या दप्तरात नसते. रोजचे असते ते टिपावे असे कोणास वाटत नाही, आणि ते नाहीसे झाल्यावर मात्र त्याचा शोध सुरू होतो. अशा वेळी उपयोगी पडतो तो कोण्या हौशी माणसाने निव्वळ आवडीने घेतलेला फोटो.

या छंदाचे स्वरूप मात्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे. छत्तीस चित्रांच्या फिल्मच्या काळात बटण दाबण्यापूर्वी माणूस दहा वेळा विचार करी. रोल धुण्याचा खर्च त्याला संयम शिकवी. आता हजार चित्रे घेतली तरी पैसा पडत नाही. पण खर्च संपला असे समजणे भ्रामक आहे. तो छायाचित्रकाराच्या खिशातून निघून पाखराच्या घरट्यावर आणि वाघिणीच्या वाटेवर जाऊन पडला आहे. २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या वाहनांतील कोणाच्याही हाती बंदूक नव्हती, कॅमेरे होते; पण वेढ्यात सापडलेल्या वाघिणीला हा फरक कसा कळावा?

कायद्याने हा फरक फार मानलेला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही समाविष्ट आहे. चांगला उजेड यावा म्हणून घरट्यापुढची फांदी वाकविणारा आणि पिलांना चारा भरविणारी जोडी जवळून टिपण्यासाठी दिवसभर तेथे ठाण मांडणारा छायाचित्रकार स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवीत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो फार वेगळ्या पंगतीत जाऊन बसण्याचा संभव आहे. फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार ताणून रात्री वाघांची चित्रे घेतली. प्राण्याने स्वतःच्या चालीने यावे, तारेला पाय लागून स्वतःचे चित्र स्वतःच काढावे आणि निघून जावे, अशी ती रीत होती. साधने आज शतपटीने सुधारली आहेत. ती धीराची वृत्ती मात्र मागे राहिली.

रेल्वेच्या छायाचित्रणात घोटाळा निराळा आहे. रुळांत शिरणे हा गुन्हा आहे आणि तो असावयासच हवा. घाटातील वळणावर गाडी येते ती क्षणात, आणि २५,००० व्होल्टची तार स्पर्शावाचूनही प्राण घेऊ शकते. डब्याच्या टपावर चढून स्वतःची छबी टिपणाऱ्यांचे धाडस हे धाडस नव्हे, अविचार आहे. परंतु जो माणूस फलाटावरून वा सार्वजनिक पुलावरून शांतपणे एखादी गाडी टिपतो, त्याच्याकडे संशयाने पाहण्यात काय हशील? १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्याप्रमाणे अधिसूचना काढून एखादा लोहमार्गही निषिद्ध स्थळ ठरविता येतो; सुरक्षिततेसाठी ही तरतूद असण्यास हरकत नाही. पण परवानगी कोठे लागते आणि कोठे लागत नाही हे त्या माणसास ठाऊक नसते, आणि पुष्कळदा त्याला हटकणाऱ्या शिपायासही नसते. नियम ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठरू लागला की प्रामाणिक माणूस घाबरून दूर राहतो आणि बेफिकीर माणूस खुशाल रुळांत उतरतो. रेल्वेने प्रत्येक स्थानकावर हे नियम साध्या मराठीत फलकावर लावले, तरी अर्धे काम होईल.

उरलेले अर्धे काम ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी करावयाचे आहे. अशा छांदिष्टांचे आयुष्य सरले की त्यांच्या निगेटिव्हची पाकिटे आणि वह्या माळ्यावर जातात व तेथून रद्दीच्या गाठोड्यात. हल्लीची चित्रे तर यंत्र बिघडताच पुसली जातात. त्या त्या जिल्ह्यातील एका जरी संस्थेने ही चित्रे स्थळ, तारीख आणि माहिती यांसह जतन करण्याचे मनावर घेतले, तर पुढच्या अभ्यासकांची मोठी सोय होईल. घरट्यांच्या व दुर्मीळ प्राण्यांच्या जागांची नोंद अभ्यासकांसाठी खरीखुरी ठेवावी आणि गर्दीपासून ती गुप्त राखावी, एवढा विवेक अर्थातच पाळावा लागेल.

हौशी छायाचित्रकाराला कोणी वेतन देत नाही. म्हणून आपल्याला कोणतेही कर्तव्य नाही, असे त्याने मानण्याचे कारण नाही. तारखेची नोंद खरी ठेवणे, रूळ न ओलांडणे आणि पाखरू अस्वस्थ झालेले दिसताच कॅमेरा खाली घेऊन मागे फिरणे, इतकेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण, कारण मागे फिरणाऱ्याचे चित्र कोठेही छापून येत नाही. परंतु पुढच्या विणीच्या हंगामात त्या झाडावर घरटे पुन्हा दिसले, तर त्याचे श्रेय त्या न काढलेल्या चित्रासही द्यावे लागेल.